‘नाही’चं बटण

नवऱ्याची वाचा गेली तेव्हा कात्रीबाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता घरात जरा ऐकू येईल. दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली, पण फार वेळ नाही.

हा नवरा बसडेपोत कंट्रोलर होता. काचेच्या खोलीत बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागायची आणि कोणी कधी निघायचं ते माइकवरून सांगायचं, हे त्याचं काम. माइक नसता तरी अडलं नसतं. डेपोत सगळे त्याला भोंगा म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती? एखादा ड्रायव्हर चहाला थांबला की अख्ख्या फलाटाला कळायचं तो कसा ऐतखाऊ आहे ते. घरी येताना माइक डेपोत राहायचा, आवाज मात्र सोबत यायचा. “टॉवेल!” “चहा!” “पंखा!” क्रियापदं त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडून दिली होती.

बाई स्वतः गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायच्या. कापडाचे थरावर थर रचून, खडूने आखून, एका दमात बाह्या कापून काढणारा त्यांच्यासारखा हात तिथे दुसरा नव्हता, म्हणून पोरींनी त्यांना कात्री म्हणायला सुरुवात केली. पुढे मान म्हणून बाई जोडलं. तोंडाने मात्र त्या कधी चालल्या नाहीत. उलट उत्तर देणं त्यांना जमायचंच नाही. शब्द सुचायचे, पण भांडण संपून भांडी घासायला घेतल्यावर. मग त्या दुसरा मार्ग काढायच्या. नवऱ्याने फारच ताळतंत्र सोडलं की त्याच्या पँटची कंबर आतून बोटभर आवळून टाकायच्या. पुढे आठवडाभर भोंगा आरशासमोर पोट आत ओढत उभा राहायचा आणि रात्री अर्ध्या पोटी उठायचा. कात्रीबाई गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, “वय झालं की सुटतं हो.”

एकुलती एक मुलगी बापाशी भांडून घराबाहेर पडली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. बाप आंघोळीला गेला असेल अशा वेळी ती आईला फोन करायची.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत भोंगा मोजे घालता घालता एका बाजूला कलंडला. दवाखान्यातून परत आला तेव्हा उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. समजत सगळं होतं, जीभ वळत नव्हती. उरला होता एकच शब्द: “हट्.” डॉक्टर म्हणाले, असं होतं, काहींच्या तोंडात एखादाच शब्द शिल्लक राहतो, बहुधा सगळ्यात जास्त वापरलेला. कात्रीबाईंना त्यात नवल वाटलं नाही.

पण शांतता काही मिळाली नाही. भोंग्याच्या डाव्या हाताशी स्टीलचा पेला होता आणि पलंगाला लोखंडी कठडा. ठण् ठण् ठण्. कात्रीबाई धावत यायच्या. “पाणी?” “हट्.” “दिवा?” “हट्!” “पाय चेपू?” तिसरा अंदाजही चुकला की पेला अंगावर यायचा. तो पाण्याने भरलेला असला म्हणजे कळायचं, निदान पाणी नको होतं.

वाचा शिकवणाऱ्या बाई दर आठवड्याला घरी येत. कडक इस्त्रीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी चित्रं चिकटवलेला पुठ्ठा दिला: हवं त्यावर बोट ठेवा. भोंग्याने पुठ्ठा दुमडून पाठीखाली घातला. मग मोबाइलवर बोलणारं एक ॲप घालून दिलं. त्यातले चौकोन नखाएवढे आणि आवाज विमानतळावरच्या बाईचा. भोंग्याचा अंगठा थरथरायचा, पाणी मागायला जावं तर ती बाई गोड आवाजात म्हणायची, “मला खूप आनंद झाला आहे.” मोबाइल भिंतीवर जाऊन आपटला.

कात्रीबाईंनी मुलीला फोन लावला.

“बोलता येत नाही त्यांना? बरं झालं,” मुलगी म्हणाली.

“तुला बरं झालं. पेला मला लागतो.”

मुलीने पलीकडे कुठलासा खण उघडला. मग म्हणाली, “माझा जुना लॅपटॉप पाठवते. पडद्याला बोट लावलं की चालतो. हवी तेवढी मोठी बटणं तूच करू शकशील. पायथन शीक, संगणकाला कामं सांगायची भाषा आहे ती. मी शिकवणार नाही. त्या माणसासाठी माझ्याच्याने काही होणार नाही.”

चौकात चष्म्याच्या दुकानावर एक संगणक वर्ग होता. सकाळी आंघोळ घालायला येणारी आया तासभर बसायला कबूल झाली आणि कात्रीबाई तो जिना चढल्या. सर तरुण होते आणि त्यांच्या नाकावर माशी बसत नव्हती. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, “मावशी, मोबाइल शिकवायचा वर्ग शेजारच्या गल्लीत.”

“मला खिडकी करायची आहे. बटणांची.”

“सुतारही शेजारच्याच गल्लीत.”

वर्ग खो खो हसला. कात्रीबाई पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, “हसून झालं की सुरू करा.” हे वाक्य वेळेवर सुचलं याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

शिकणं सोपं गेलं असं कुणी सांगेल तर तो थापा मारतोय. अर्धा काळ कळफलकावर स्वल्पविराम शोधण्यात जायचा. ओळ एक घर आत सरकवायची राहिली तरी संगणक लाल अक्षरांत अंगावर यायचा. ‘हे तुमचं चुकलं’ एवढं सांगायलाही तो नवऱ्यापेक्षा वेगळी भाषा वापरत नव्हता: आधी ओरडायचं, कारण शेवटच्या ओळीत. एक गोष्ट मात्र त्यांना लगेच उमगली. खिडकी म्हणजे कापडाचा पन्हा, चौकटी म्हणजे त्यावर मांडलेले तुकडे. कुठला तुकडा कुठे टेकवायचा, कुठला ताणायचा, उरलेली जागा कुणी खायची, हे आधी ठरवायचं आणि मगच कात्री लावायची. बाकी सगळं अंधारात चाचपडणं.

पहिल्यांदा त्यांनी बटणं मांडली त्या दिवशी गंमतच झाली. बटण दाबलं की शब्दाची छोटी पाटी पडद्यावर यावी, एवढंच करायचं होतं. त्यांनी प्रोग्राम चालवला आणि कुणी हातही न लावता पाट्या आपोआप उसळू लागल्या: पाणी, दिवा, औषध, पंखा. एक बंद करावी तर दुसरी. सगळ्या संपल्यावर खिडकी उघडली, आणि आता बटणं दाबली तर एकही काही बोलेना.

“मावशींचं मशीन मावशींवर गेलंय,” मागून एक मुलगा म्हणाला. “दाबायच्या आधीच सुरू.”

सर आले, पडद्याकडे बघून उसासा टाकला. “कंस का लावलेत? कंस लावलेत म्हणजे ‘आत्ता बोल’ असा हुकूम झाला. बटणाला फक्त कुणाला बोलवायचं त्याचं नाव द्यायचं असतं. हे मी काल सांगितलं होतं. परवाही.”

“मग उद्याही सांगा,” कात्रीबाई म्हणाल्या.

घरी त्यांनी शब्द ठरवले. नवऱ्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. त्याने त्यांना कधी काय विचारलं होतं? आणि शब्द ठरवताना त्यांच्या डोक्यात एक कल्पना शिरली. बटणावर नुसतं ‘पाणी’ लिहिलेलं असेल, पण दाबल्यावर आवाज येईल तो असा: “जरा पाणी देतेस का?” दिव्याचं: “तुला वेळ असेल तर दिवा लाव.” पंख्याचं: “उकडतंय गं, पंखा लावशील?” आवाज त्यांनी स्वतःचाच भरला, मायक्रोफोनला तोंड लावून, मऊसूत. अंगठा थरथरून बटण दोनदा दाबलं जाऊ नये म्हणून एकदा दाबलं की ते थोडा वेळ बधिर होईल अशी सोय केली. शेवटचं बटण होतं ‘पुरे’, त्याचं वाक्य होतं, “पुरे आता, दमलीस तू.”

लॅपटॉप त्यांनी पलंगावरच्या पाटावर ठेवला. भोंग्याने संशयाने त्याच्याकडे पाहिलं, मग अंगठा आणून ‘पाणी’वर आपटला.

“पुरे आता, दमलीस तू,” लॅपटॉप म्हणाला.

भोंग्याने ‘दिवा’ दाबलं. “पुरे आता, दमलीस तू.” ‘औषध’. “पुरे आता, दमलीस तू.” आठही बटणांवर तेच. भोंग्याचा चेहरा लालबुंद झाला. पेला हवेतून आला आणि कात्रीबाईंनी सवयीने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सरांनी उत्तर दिलं, तेही जांभई देत. बटणं एकामागून एक तयार करताना प्रत्येकाला आपापला शब्द तेव्हाच हातात द्यावा लागतो. नाही दिला तर ती दाबल्यावर बघायला जातात, की शब्द कुठला होता बरं? तोवर यादी संपलेली असते, शेवटचाच शब्द जागेवर सापडतो. एका ओळीत एक छोटा बदल. कात्रीबाईंनी तो केला आणि बटणं शहाण्यासारखी वागू लागली.

मग मात्र भोंगा कात्रीत सापडला. तहान लागली की त्याला बटण दाबावंच लागायचं आणि आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य ऐकावं लागायचं, तेही बायकोच्या आवाजात. तो दाबायचा आणि डोळे घट्ट मिटायचा, कडू औषध घेताना मिटावेत तसे. कात्रीबाई स्वयंपाकघरातून सावकाश यायच्या. “देते हो. इतकं गोड मागितल्यावर कोण नाही म्हणेल?” पेल्याची ठणठण थांबली. घर शांत झालं. खोटं कशाला बोला, ते दिवस त्यांच्या संसारातले फार सुखाचे होते.

वाचेच्या बाई आल्या तेव्हा कात्रीबाईंनी मोठ्या अभिमानाने खिडकी दाखवली. बाईंनी सगळी बटणं दाबून पाहिली. चेहऱ्यावरची इस्त्री मोडली नाही.

“यात ‘नाही’ कुठे आहे?”

“राहिलं.”

“राहिलं, की ठेवलं नाहीत?”

कात्रीबाईंनी पदर सावरला. “साऱ्या संसारात मला कधी नाही म्हणता आलं नाही. ह्यांचं इतक्यात अडलं का?”

“तुमच्या दोघांचं जे काय आहे ते मला सांगू नका. तुम्ही माणसाचं तोंड बनवताय की स्वतःची करमणूक? तोंड असेल तर पुरं बनवा. नसेल तर हे उचला इथून, मी माझा पुठ्ठा परत लावते.”

पलंगावरून एक आवाज आला. भोंगा हसत होता. अर्ध्याच चेहऱ्याने, पण मनापासून. ‘नाही’चं बटण नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कुणीतरी बायकोला पकडेल याचीच तो वाट पाहत होता.

कात्रीबाई त्या दुपारी मायक्रोफोनसमोर बसल्या. “नाही,” त्या म्हणाल्या. ऐकून पाहिलं तर तो नकार नव्हताच; कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखं काहीतरी होतं. पुसलं, पुन्हा म्हणाल्या. आता माफी मागितल्यासारखं आलं. पुन्हा. पुन्हा. त्यांचा स्वतःवरच संताप होऊ लागला. एवढा दोन अक्षरी शब्द, तोही सरळ येऊ नये? शेवटी त्या उठून उभ्या राहिल्या आणि पोटातून ओरडल्या, “नाही!” थोड्या वेळाने शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना. तो नकार त्यांनी ठेवला.

झालं. माकडाच्या हाती कोलीत. आंघोळ? “नाही!” औषध? “नाही!” उशी सरळ करू? “नाही!” भिंतींवर आदळणारा आपलाच आवाज ऐकून कात्रीबाईंच्या डोक्याला घणाचे घाव बसायचे. आया वैतागून म्हणाली, “बाई, हे बटण काढा नाहीतर मी काम सोडते.” काढणं हातचं होतं, एक ओळ पुसायचा अवकाश. पण वाचेच्या बाईंपुढे पुन्हा मान खाली घालायची नव्हती. आणि त्या नकाराची त्यांना थोडी चटकही लागली होती.

अशात मोठी नणंद आली. ही भोंग्याची बहीण. आवाजात भावाला भारी. दारातूनच तिने ऐकलं, “जरा पाणी देतेस का?”

“अगं बाई! माझ्या वाघासारख्या भावाचं हे काय मांजर केलंस?”

“ताई, आधी बसा तरी.”

“बसते कशाला? घेऊन जाते त्याला माझ्याकडे. इथे यंत्राच्या तोंडून भीक मागतोय तो.” ती पलंगाशी गेली. “काय रे, येतोस ना माझ्याकडे?”

अंगठा आला. “नाही!”

नणंद गर्रकन वळली. “तू बोललीस!”

“मी इथे उभी आहे. माझं तोंड बंद आहे.”

“बटण तुझं, आवाज तुझा, मग बोललं कोण? आतमध्ये काय भरून ठेवलंयस कोण जाणे. बघते मी.” ती भावाकडे वाकली. “मग इथेच राहायचंय का तुला? हिच्यापाशी?”

अंगठा पुन्हा आला, तितक्याच जोराने. “नाही!”

नणंदेला जिंकल्यासारखं वाटलं नाही आणि कात्रीबाईंना हरल्यासारखं नाही. दोघींना एकाच हाताची चपराक बसली होती. नणंद चपला घालताना पुटपुटली, “वेडा झालाय. सांभाळ तूच.” आणि गेली ती त्या वर्षात परत आली नाही.

कात्रीबाई पलंगासमोर उभ्या राहिल्या. “तिकडे नाही, इथे नाही. मग जायचंय कुठे तुम्हाला?”

भोंग्याने पडद्याकडे पाहिलं. अंगठा सगळ्या बटणांवरून फिरला आणि हवेतच थांबला. सांगण्यासारखं बटणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना सांगितलं, “मला सगळी अक्षरं हवीत. काना, मात्रा, वेलांटीसकट. दाबत जाईल तसं वर उमटत गेलं पाहिजे.”

“हे आपल्या कोर्समध्ये नाही.”

“माणूस बोलायचा राहिलाय, तोही तुमच्या कोर्समध्ये नाही. दाखवता, की बसू इथेच?”

त्या खरोखर बसतील हे सरांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी कुरकुरत एका अक्षराचं बटण करून दाखवलं आणि म्हणाले, “बाकीचं तुमचं तुम्ही. मला विचारू नका.” कात्रीबाईंनी विचारलं नाही. अक्षरांच्या रांगा, मात्रांची वेगळी पट्टी, खोडायचं एक लांबलचक बटण. एका रांगेत एक अक्षर जास्त आलं तर अख्खी खिडकी उसवायची, पुन्हा मांडायची.

ती खिडकी भोंग्याने रांगेरांगेने वाचून काढली. मग अंगठा चालू झाला. ड. मात्रा. प. काना. कात्रीबाई वाकून बघत होत्या. डेपा. “हट्,” तो स्वतःवरच खेकसला. खोडलं. डेपो.

चाकाची खुर्ची होती, टॅक्सीवाला तयार झाला. डेपोच्या फाटकातून त्या त्याला ढकलत आत नेऊ लागल्या तेव्हा फलाटावरचं बोलणं थांबलं. कुणी पुढे आलं नाही. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “भोंगा आला रे!” आणि या वेळी ते तोंडावर होतं.

एक मिशीवाला ड्रायव्हर आपली गाडी सोडून सावकाश चालत आला. खुर्चीसमोर पाय रोवून उभा राहिला.

“ओळखलंस? माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी तू मला डबल ड्यूटी लावलीस. मी पाया पडलो. तू माइक चालू केलास आणि माझं रडणं साऱ्या डेपोला ऐकवलंस. आठवतं?”

कात्रीबाईंना हे ठाऊक नव्हतं. असं काहीतरी असणार एवढं ठाऊक होतं. बाकीचे ड्रायव्हर जमा झाले. भोंग्याने ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर अंगठा आणला.

म.

ड्रायव्हर हाताची घडी घालून थांबला. काना. मा.

कात्रीबाई खुर्चीमागून पुढे वाकल्या. पुढचं अक्षर फ असेल तर, त्यांनी मनात म्हटलं, तर मी आजवरचं सगळं सोडून देईन. पँटसुद्धा पुन्हा सैल करीन. अंगठा पडद्यावर हिंडला, थरथरला आणि खाली आला.

ग. मग च. मग काना. थोडी जागा. ‘मागचा टायर’.

ड्रायव्हरने वळून पाहिलं. त्याच्या गाडीचा मागचा टायर निम्मा बसला होता. कुणीतरी फिस्सकन हसलं. ड्रायव्हरने भोंग्याला एक शिवी हासडली, टायरला लाथ घातली आणि पंपवाल्याच्या नावाने ओरडत निघून गेला. भोंगा खुर्चीत ताठ बसला होता. कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा इतका खुललेला नव्हता.

टॅक्सीत कात्रीबाई कडाडल्या. “एक शब्द! एक साधा शब्द लिहिता आला नाही तुम्हाला! तो माणूस उभा होता तुमच्या समोर!” टॅक्सीवाल्याने आरसा दुसरीकडे फिरवला. त्या बोलतच राहिल्या. डेपोचं, मुलीचं, क्रियापदांचं, सगळं. घर आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं. भोंग्याला मध्ये तोंड घालता आलं नाही, कारण लॅपटॉप त्यांच्या मांडीवर होता.

तेव्हापासून त्या घरात रोज भांडण होतं. माफी कुणी मागितली नाही, मागेल असं दिसत नाही. मुलगी अजूनही बाप झोपलाय का हे विचारूनच बोलते. पण भांडणाची रीत बदलली आहे. भोंग्याला एक टोमणा पुरा करायला इतका वेळ लागतो, की तोवर कात्रीबाईंना उत्तर सुचतं, घासूनपुसून लख्ख होतं, कधी कधी दोन सुचतात. बोलणाऱ्याची बोरं खपतात म्हणतात. आता दोघांच्याही बोरांच्या पाट्या बाजारात समोरासमोर लागल्या आहेत. गोड वाक्यंही त्यांनी काढून टाकली. आता ‘पाणी’ दाबलं की नुसतं “पाणी” येतं, आणि त्याही पाणी देताना काही बोलत नाहीत.

परवा त्यांनी अक्षरांची खिडकी नव्याने मांडली, पाठीमागे हिरवा रंग भरला. भोंगा बराच वेळ अक्षरं टिपत बसला आणि पडद्यावर उमटलं, ‘रंग भिकार’.

“मग डोळे मिटा,” कात्रीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी कोड उघडलं, हिरव्याच्या जागी असा भडक गुलाबी घातला की त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि लॅपटॉप पुन्हा त्याच्यासमोर ठेवला. भोंग्याने डोळे बारीक केले. मग त्याने अंगठा उचलला आणि पहिलं अक्षर शोधू लागला. कात्रीबाईंनी खुर्ची ओढून घेतली. उत्तर त्यांच्याजवळ आधीच तयार होतं.